जाळ विझला की राखण सुरू

बाळ्या, सूनबाई, यंदा मळ्यात हुरडा पार्ट्या सुरू करताय, चांगलं आहे. मंगळवेढ्याचं काळं रान आणि त्यातली ज्वारी म्हटल्यावर पाहुण्यांना तोटा नाही. आगटी किती खोल खणायची, कणीस कधी भाजायला येतं, शेंगाचटणीत लसूण किती घालायचा, यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यात मी तोंड घालत नाही. मी सांगणार आहे ते वाघ्याबद्दल, मनीबद्दल, कडब्याच्या गंजीआड व्यायला जागा शोधणाऱ्या कुत्रीबद्दल आणि पुण्या-सोलापूरचे पाहुणे गाडीत घालून आणतात त्या लाडावलेल्या कुत्र्यांबद्दल.

माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षकाची. हिवाळ्यात दवाखान्यात भाजलेली कुत्री-मांजरं यायची. ती रात्री क्वचित यायची, बहुतेक सकाळी यायची. त्यात सगळं आलं. जाळाला जनावर भितं. ज्वाला दिसते, तडतडते, तोंडावर धग येते, कुत्रं आपसूक मागं सरतं. पण माणसं जेवून उठली, जाळ बसला, वर पांढरी राख धरली की ते भय संपतं आणि ऊब तेवढी उरते. राख म्हणजे निखाऱ्यावर घातलेली गोधडी. वरून गार, आत इंगळ. गोवऱ्यांचा विस्तव तर सावकाश धुमसणारा. आज संध्याकाळची आगटी उद्या न्याहारीच्या वेळी उकरली तरी आत लाल सापडते. थंडीनं कुडकुडणारं जनावर त्या उबेला येतं, गोल फिरून जागा करतं आणि बसतं. आगीतून वाचलेलं फुफाट्यात सापडतं ते असं. म्हणून माझे अर्धे कानमंत्र जाळ पेटण्याआधीचे आहेत आणि अर्धे जाळ विझल्यानंतरचे. मधल्या वेळी माणसं जागी असतात, तिथं फार सांगावं लागत नाही.

रचलेलं लाकूड आधी हलवा

आपल्याकडची गावकुत्री बहुतेक पावसाळ्यानंतर माजावर येतात आणि हिवाळ्यात वितात. म्हणजे हुरड्याचा हंगाम आणि पिल्लांचा हंगाम एकच. कुत्रीला वाऱ्याआडची, कोरडी, उबदार जागा लागते. लाकडाची रास, कडब्याची गंजी, आदल्या दिवशीच्या आगटीचा खड्डा, या तिन्ही जागा तिच्या मनात भरतात. मांजरीचंही तेच. तेव्हा काडी ओढण्याआधी लाकूड एका जागचं दुसऱ्या जागी करा. नुसतं काठीनं बडवून भागत नाही. डोळे न उघडलेली पिल्लं आवाजानं पळत नाहीत. आदल्या रात्री रचलेली रास सकाळी जशीच्या तशी पेटवू नका. हात घालण्याआधी काठी घाला, कारण त्याच राशीत घोणस किंवा नागही आसऱ्याला असतो. कुत्रं राशीपाशी नाक लावून भुंकायला लागलं तर त्याला आधी मागं ओढा, मग काय आहे ते बघा.

होळीलाही हेच लक्षात ठेवा. गावात आठ-आठ दिवस आधीपासून लाकडं रचली जातात. फाल्गुन पौर्णिमेच्या संध्याकाळी पूजेच्या आधी कोणीतरी एकानं त्या राशीभोवती फिरून खालच्या पोकळ्या बघाव्यात. पोरांना हे काम सांगा, ती आवडीनं करतात.

सरपण निवडून घ्या

बाभूळ, लिंब, सुबाभूळ, आंब्याचं वाळकं लाकूड, गोवऱ्या, तुरीची तुराटी, एवढं पुरे. कण्हेरीच्या काटक्या आगटीत नकोत. कण्हेर खाल्ली तर विष आहेच, तिचा धूरही बाधतो आणि कुत्र्याची पिल्लं पडलेल्या काटक्या चघळतात. बिब्ब्याचं लाकूड जाळलं तर माणसाच्याही अंगावर उततं. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, म्हणून कुंपणाचा तोडलेला शेरही बाजूलाच ठेवा. रंग दिलेली जुनी दारं, प्लायवूड, टायरचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचा धूर सगळ्यांनाच वाईट. ओलं लाकूड पेट घेत नाही, धूर मात्र दुप्पट करतं.

बांबूची अख्खी पेरं जाळात टाकू नका, आतली हवा तापून ती फुटतात. ओढ्यातले ओले धोंडे आगटीच्या कडेला लावू नका, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि धोंडा तडकून कपचा उडतो. आवाज झाला की कुत्रं बावचळून वाट फुटेल तिकडं पळतं आणि कधी नेमकं आगटीवरूनच. कोरडा धोंडा किंवा पक्की वीट लावा.

पेटवायला कापूर वापरत असाल तर वड्यांची डबी खिशात ठेवा. कापूर कुत्र्याच्या पोटात गेला तर झटके येतात. रॉकेल, डिझेल, पेट्रोल तर आगटीजवळ आणूच नका. आणि कधी चुकून कुत्र्याच्या केसांवर ते सांडलंच, तर त्याला आधी जाळापासून लांब न्या, भांड्याच्या साबणानं धुवा आणि चाटू देऊ नका. पोटात गेलं असं वाटलं तरी मीठपाणी पाजून ओकवायचं नाही. ओकताना ते फुप्फुसात उतरतं आणि मूळ विषापेक्षा ते जड जातं.

वारा बघा, मग जागा ठरवा

पौष-माघात आपल्याकडे वारा बहुधा उत्तरेकडून, ईशान्येकडून असतो. कडब्याची गंजी, गोठा, वाळलेलं गवत या सगळ्यांच्या वाऱ्याखालच्या अंगाला आगटी असावी. म्हणजे ठिणगी उडाली तरी ती रिकाम्या रानाकडे जाईल. आगटीभोवतीची दोन-तीन हात जागा खुरप्यानं साफ करून घ्या.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. दिवस मावळला की वारा पडतो, जमीन गार होते आणि धूर वर चढत नाही, जमिनीलगत पसरतो. खुर्चीवर बसलेल्या पाहुण्याला तो जाणवत नाही, पण कुत्र्याचं नाक त्याच उंचीवर असतं. पाहुण्यांना विचारत बसू नका, खाली वाकून आपणच बघा. कुत्र्याच्या उंचीवर डोळे चुरचुरले तर त्याची जागा बदला.

धूर सगळ्यांना सारखा बाधत नाही. चपट्या नाकाची कुत्री, म्हणजे पग, बुलडॉग, शिह त्झू, यांना एरवीच धाप लागते. पर्शियन मांजराचंही तसंच. म्हाताऱ्या, खोकणाऱ्या कुत्र्याला आणि पिल्लांना घराच्या ओट्यावर ठेवलेलं बरं. पिंजऱ्यातली पाखरं तर आगटीच्या वाऱ्यालाही नकोत. पाखराचं श्वासाचं यंत्र फार नाजूक, थोड्या धुरानंही ते मरतं. आणि कोणी देशी पोपट घेऊन आलंच तर त्याला सांगा, तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

दाव्याची लांबी जाळापासून मोजा

कुत्रं जाळापासून निदान दहा फूट लांब हवं. बसवताना आपण लांबच बसवतो, पण कोणी हाक मारली, कोणी तुकडा टाकला की ते दाव्याच्या टोकापर्यंत येतं. म्हणून हिशेब खुंटीपासून नाही, दाव्याच्या टोकापासून करा. खुंटी वीस फुटांवर असेल आणि दावं आठ फुटांचं असेल, तर बारा फूट शिल्लक राहतात, हे चालेल. खुंटी बारा फुटांवर आणि दावं आठ फुटांचं असेल तर कुत्रं चार फुटांवर पोचतं. हे नाही चालणार. पाहुण्यांची गुंडाळी उलगडणारी दोरी असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. ती एका झटक्यात सगळी सुटते.

दावं सुती घ्या. नायलॉन ठिणगीनं वितळतं आणि कातडीला चिकटतं. याच कारणानं कुत्र्याच्या अंगातला फ्लीसचा स्वेटर शेकोटीपाशी काढून ठेवायला सांगा. गाठ खुंटीला सुरगाठ असू द्या, निरगाठ नको. वेळ आली तर एका हातानं, अंधारात सोडता आली पाहिजे. गोठ्यातल्या दाव्यांनाही हाच नियम लावा. चिलटं-डासांसाठी लिंबाच्या पाल्याचा धूर करता तेव्हा बांधलेलं जनावर हलू शकत नाही, हे विसरू नका. धुराचं घमेलं दाराच्या तोंडाशी, कोरड्या जागेवर ठेवा, गव्हाणीजवळ नको, आणि कोणीतरी तिथं उभं राहा. गोठ्याच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवा.

पश्मी जातीचं कुत्रं असेल तर आणखी काळजी घ्या. त्याच्या कानांना आणि शेपटीला लांब रेशमी केस असतात आणि शेपूट हलवताना ते मागं काय आहे ते बघत नाही. शहरातल्या फार्महाउसवर आता लोखंडी वाडग्याची शेकोटी ठेवतात. ती कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर येते, तिची कडा लाल नसली तरी चटका देते आणि जमीन उंचसखल असली तर धक्क्यानं कलंडते. तशी शेकोटी असेल तर सपाट फरशीवर ठेवा आणि भोवती कुत्र्याला ओलांडता येणार नाही असं काहीतरी उभं करा.

एकतीस डिसेंबरच्या पार्टीचं वेगळं सांगतो. त्या रात्री कोणीतरी फटाके आणतंच. फटाक्याचा आवाज आणि समोर जाळ, ही जोडी वाईट. त्या रात्री कुत्री खोलीत, दार लावून, पाण्याचं भांडं आत ठेवून. गळपट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असावा, कारण बुजलेलं कुत्रं कोसभर लांब सापडतं.

पत्रावळीखालचं सांभाळा

कुत्रं जाळासाठी आगटीकडे जात नाही, वासासाठी जातं. आर पडला की त्यात कुठं बटाटे पुरलेले असतात, कुठं रताळी, कुठं कोणाचं बार्बेक्यू. तुपाचा, चरबीचा थेंब राखेत पडतो आणि कुत्रं राख चाटतं. तेव्हा दोन गोष्टी करा. एक, कुत्र्यांना पार्टीच्या आधी पोटभर खाऊ घाला. दोन, झाकणाचा डबा ठेवा आणि पत्रावळ्या त्यातच टाका. उकिरड्यावर टाकलेल्या पत्रावळ्या म्हणजे कुत्र्याला आमंत्रण.

काय देऊ नये ते पाहुण्यांना आधी सांगा, कारण प्रेमानं देणारेच जास्त नुकसान करतात. कांदा आणि लसूण कच्चा असो की भाजलेला, कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. आपल्या चटणीत लसूणच असतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि आपल्या पंढरपूर-तासगावकडचे बेदाणे चिवड्यात हमखास असतात. चॉकलेट नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम नको. मक्याचं खाऊन उरलेलं बुरकुंड कुत्रं गिळतं आणि ते आतड्यात अडकतं, मग पोट उघडावं लागतं. शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन टोचतं. कबाबाची बांबूची काडी मांसाच्या वासासकट गिळली जाते. बटाट्याभोवतीचा अ‍ॅल्युमिनियमचा कागदही तसाच. आणि कोणी गमतीनं दारू पाजायला गेला तर त्याला मळ्यातून सरळ घरी पाठवा.

तुमची आत्या अलिबागकडे दिलेली. तिकडे वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा, अंडी, कोंबडी घालून मडकं जाळात पालथं घालतात. तिथली कुत्री मडकं उघडण्याची वाट बघत बसतात. मडकं काढल्यावर ते बराच वेळ चटका देतं आणि फुटलेल्या खापऱ्यांना रस्सा लागलेला असतो. तिकडे गेलात तर खापऱ्या उचलून गार होईपर्यंत घमेल्यात ठेवायला सांगा.

माती लोटू नका, पाणी ओता

आता मुख्य गोष्ट. पार्टी संपली की गडी फावड्यानं आगटीवर माती लोटतो आणि विझली म्हणतो. ती विझत नाही, लपते. मातीखाली निखारा आणखी टिकतो आणि वरून काही दिसत नाही. कोकणात समुद्रावर रात्री शेकोटी करून वाळूत पुरतात, दुसऱ्या दिवशी त्यावर पोरं आणि कुत्री पाय देतात. ओळखायची खूण काहीच नसते.

पद्धत अशी. आगटी पेटवण्याआधीच दोन बादल्या पाणी भरून बाजूला ठेवा. विझवताना एकदम ओतू नका. वाफ आणि राख अंगावर उडते. कडेनं, हळूहळू ओता. मग काठीनं किंवा फावड्यानं तळापर्यंत ढवळा. चर्र आवाज येईल तिथं परत पाणी. परत ढवळा. आवाज थांबला, वाफ थांबली की हाताची पाठ राखेच्या जवळ न्या. धग लागली नाही तर राखेला टेकवा. हाताची पाठ तळव्यापेक्षा नाजूक असते, तिला लवकर कळतं. ती सहज टिकली तर आगटी विझली. नसेल तर तिसरी बादली.

ओली राखही निरुपद्रवी नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लाकडाच्या राखेत पाणी मिसळलं की क्षार सुटतात. त्याच्याच जोरावर आपल्या आज्या भांडी घासायच्या. कुत्र्याच्या पंजाच्या बेचक्यात ती ओली राख राहिली तर कातडी चुरचुरते, ते चाटतं आणि तोंड सोलतं. म्हणून विझवल्यावर खड्ड्यावर पत्रा टाका, वर दोन धोंडे. पत्रा आधी टाकून भागवू नका. नुसत्या झाकणानं धग आत कोंडते आणि पत्राच तापतो. आणि आगटीच्या आसपास हिंडलेल्या कुत्र्याचे चारही पाय झोपण्याआधी साध्या पाण्यानं धुवा.

चुलीचंही तेच. हल्ली घरात चूल रोज पेटत नाही. पण पाहुण्यांच्या भाकरीसाठी मागच्या अंगणात मांडाल, तर रात्री वैलाची राखसुद्धा काढून ओली करा. मांजर चुलीत शिरतंच. मनीला कितीही हाकललं तरी ती पहाटे तिथंच सापडेल.

ऊब दुसरीकडे द्या

नुसतं हाकलून उपयोग नाही म्हणतो त्याचं कारण हेच. कुत्रं-मांजर फुफाट्यात खोडीनं जात नाही, थंडीनं जातं. तिथली ऊब काढून घ्यायची असेल तर दुसरीकडे द्यायला हवी. खर्च काही नाही. वाऱ्याआडच्या भिंतीला लाकडी खोकं आडवं ठेवा, तोंड दक्षिणेला. खाली कडबा किंवा गव्हाचा भुसा जाड पसरा, वर पोतं. जमिनीचा गारठा खालून लागतो, म्हणून वर पांघरायच्या घोंगडीपेक्षा खालचं अंथरूण महत्त्वाचं. ही जागा आगटी पेटण्याच्या आधीच तयार पाहिजे आणि संध्याकाळी त्यातच खायला घाला, म्हणजे कुत्र्याला सवय लागते. व्यालेल्या कुत्रीला असं खोकं आपणहून दिलंत तर ती गंजीत किंवा खड्ड्यात जाणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. कुत्री जवळ नसेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्यांच्याजवळ ठेवा. अंगाला चिकटवून नको.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: ऊब म्हणून घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत, तंबूत किंवा पिल्लांच्या खोपटात ठेवणं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस आणि जनावर दोघंही जातात. तंबूत राहणाऱ्या पाहुण्यांना हे स्पष्ट सांगा, लाजू नका.

तुमचे जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर भागातले मित्रही आता हुरडा पार्ट्या करतात. त्यांना माझा निरोप द्या. उसात बिबट्या असलेल्या मुलखात कुत्रं विझत्या शेकोटीशेजारी बांधून आपण घरात झोपायचं नाही. शेकोटीला बिबट्या भितो यावर विसंबू नये. बांधलेलं कुत्रं त्याला आयतं सापडतं. तिथं कुत्रं रात्री दाराच्या आत.

भाजलंच तर

आधी स्वतःचा हात वाचवा. वेदनेत कुत्रं मालकालाही चावतं. मऊ कापडाची पट्टी तोंडाला सैल बांधा; पण चपट्या नाकाचं असेल, ओकत असेल किंवा श्वास घ्यायला धडपडत असेल तर तोंड बांधू नका, अंगावर जाड पोतं टाकून धरा.

मग पाणी. भाजलेल्या जागेवर साधं गार पाणी दहा ते वीस मिनिटं सोडत राहा. घड्याळ लावा, पाच मिनिटं आपल्याला खूप वाटतात. बर्फ लावायचा नाही, कातडी आणखी मरते. भाजलेला भाग मोठा असेल तर बाकी अंग गोधडीत गुंडाळा, नाहीतर हिवाळ्यात जनावर गारठतं. अशा वेळी टाकीतल्या गारठलेल्या पाण्यापेक्षा नुकतं उपसलेलं बोअरचं पाणी चांगलं. पाण्यानंतर स्वच्छ ओलं सुती फडकं सैल ठेवा आणि दवाखाना गाठा.

हळद, तूप, तेल, टूथपेस्ट, शाई, कोरफड, बटाट्याचा कीस, काहीही लावू नका. त्यानं धग आत राहते, घाण चिकटते आणि डॉक्टरला ते खरवडून काढावं लागतं. शिवाय कुत्रं-मांजर लावलेलं सगळं चाटून पोटात घालतं. माणसाचं मलमसुद्धा म्हणूनच नको. फोड फोडू नका. राख डोळ्यात गेली असेल तर स्वच्छ कोमट पाण्यानं धुवा, घरात पडलेले जुने थेंब घालू नका.

गोळ्यांबद्दल कान उघडे ठेवून ऐका. मांजराला पॅरासिटामॉल देणं म्हणजे विष देणं; अर्धी गोळीही जीव घेते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिलं तर जठराला जखमा होतात, किडनी बिघडते. दुखतंय म्हणून घरच्या डब्यातलं काही द्यायचं नाही.

भाजलेलं लगेच दिसत नाही

केसांखाली कातडी झाकलेली असते. पहिल्या दिवशी केस फक्त करपल्यासारखे दिसतात, वास येतो. चार-आठ दिवसांनी तिथले केस पुंजक्यानं गळतात आणि खालची कातडी सोललेली दिसते. पंजाचंही असंच, आज लंगडत नाही म्हणून उद्या लंगडणार नाही असं नाही. तेव्हा पार्टीच्या दुसऱ्या सकाळी प्रत्येक कुत्र्या-मांजराचे पाय उलटे करून बघा. सतत एकच पाय चाटणं, बसताना जपून बसणं, पोटाखाली हात लावू न देणं, या खुणा.

धुराचंही उशिरा कळतं. रात्री ठीक वाटलेलं जनावर दुसऱ्या दिवशी खोकायला लागतं. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर ते कधीच साधं नसतं. हिरड्या निळसर, पांढऱ्या किंवा विचित्र लालभडक दिसल्या, पोट वरखाली होऊन श्वास चालला, तर वाट बघू नका.

नंबर आधीच भिंतीवर लिहा

सरकारी फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा विनाशुल्क नंबर आहे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा, जवळच्या खाजगी डॉक्टरांचा नंबर आणि रात्री कोण येतं ते हंगामाआधी विचारून ठेवा. मोठं काम असेल तर पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला महाविद्यालयं आहेत, मुंबईत परळला आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना परत जाताना ते उपयोगी पडतं. हे सगळं ओसरीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. फोनमध्ये ठेवलेलं घाईत सापडत नाही.

शेवटचं, आणि हे ठरवूनच टाका. आगटी पेटवायला सगळे पुढे येतात, विझवायला कोणी उरत नाही. म्हणून काडी ओढण्याआधीच आज विझवणार कोण, त्याचं नाव घ्या. गड्याला सांगितलं होतं, ही सबब चालायची नाही. तुमच्या दोघांपैकी एकानं शेवटी तिथं उभं राहायचं. पाहुणे येतील, जेवतील, फोटो काढतील आणि जातील. वाघ्या आणि मनी मळ्यातच राहणार आहेत. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण राखेला हाताची पाठ टेकवून पाहिल्याशिवाय रात्री मळा सोडू नका.